मालगाडीच्या फोटोंची एक दुपार

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हाला माझ्या एका दुपारची हकिगत सांगणार आहे. ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. मीसुद्धा आधी हसलोच होतो.

माझा नातू कॉलेजात शिकतो. सुटीत तो आमच्याकडे आला. गळ्यात हा एवढा कॅमेरा. मला म्हणाला, "आजोबा, उद्या दुपारी माझ्याबरोबर चला. फोटो काढायचे आहेत."

मी विचारले, "कोणाचे रे? लग्नकार्य आहे का कुठे?"

"नाही. मालगाड्यांचे."

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. मालगाडी म्हणजे काय? फाटकात आपला खोळंबा करते ती मालगाडी. बैल ताटकळतात, एस.टी. चुकते, आपण मनात दोन शिव्या देतो. अशा गाडीचा कोणी फोटो काढतो का? पण तो खरेच सांगत होता. असे छंद असलेली माणसे देशोदेशी पुष्कळ आहेत म्हणे. ती रुळाजवळच्या टेकाडावर तासन्‌तास बसतात. कोणते इंजिन आले, किती डबे होते, ते वहीत लिहितात. ज्याला जे आवडेल ते. मला घरी तरी काय काम होते? मी टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली आणि निघालो.

आम्ही गेलो अंकाईला. मनमाडच्या दक्षिणेला अंकाई-टंकाईचा जोडकिल्ला आहे. त्याच्या पायथ्याजवळून रेल्वे जाते. मनमाडहून निघालेल्या दोन वाटा या बाजूला फुटतात. एक जाते येवला, कोपरगाव, अहिल्यानगर या वाटेने दौंडला. दुसरी जाते नगरसूल, रोटेगाव या वाटेने छत्रपती संभाजीनगर, जालना, पुढे नांदेडकडे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत रुळाच्या कडेला आहे. त्याला विचारून आम्ही त्याच्या बांधावर बसलो. बांधावर एक लिंब होता, म्हणून बरे.

नातवाने जागा निवडताना आधी सूर्याकडे पाहिले. दुपारी सूर्य पश्चिमेला कलतो. म्हणून रुळाच्या पश्चिमेला उभे राहायचे. सूर्य आपल्या पाठीशी, उजेड गाडीवर. उलट उभे राहिलो तर गाडी काळी ठिक्कर येते. धावत्या गाडीचा फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याचे दार सेकंदाचा हजारावा भाग एवढेच उघडावे लागते. जास्त वेळ उघडे राहिले की डब्यावरची अक्षरे फराटल्यासारखी दिसतात.

मग वाट पाहणे. मालगाडीला आपल्या एस.टी.सारखे वेळापत्रक नसते. एक्स्प्रेस आली, पॅसेंजर आली, की मालगाडीला बाजूच्या रुळावर उभे करतात. पाहुण्यांना आधी जेवायला वाढायचे आणि घरच्या माणसाने मागून बसायचे, तसे. आणि गंमत अशी की, घर चालते ते या मागून बसणाऱ्याच्या कमाईवर. माल वाहून रेल्वेला वाहतुकीच्या उत्पन्नापैकी सुमारे दोन तृतीयांश पैसा मिळतो.

पाऊण तास गेला. मग लांबून भोंगा ऐकू आला. पहिली गाडी आली, ती उघड्या उंच डब्यांची. कोळसा नेतात ते डबे. ते रिकामे होते. रिकामी गाडी फार वाजते, घरातली सगळी भांडी एकदम पडावीत तशी. भरलेली गाडी एवढी खडखडत नाही. ती दबक्या आवाजात जाते आणि जमीन हलते.

नातू म्हणाला, "आजोबा, इंजिनावर काय लिहिले आहे ते वाचा."

मी चष्मा सावरून वाचले. इंग्रजी तीन अक्षरे होती आणि एक आकडा. डब्ल्यू, ए, जी आणि नऊ. मी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवले. पण ही अक्षरे मी कधी वाचली नव्हती. त्याने अर्थ सांगितला. डब्ल्यू म्हणजे रुंद रुळांवर चालणारे. दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर, म्हणजे साडेपाच फूट. ए म्हणजे वरच्या तारेतल्या ए.सी. विजेवर चालणारे. जी म्हणजे गुड्स, माल ओढणारे. ए च्या जागी डी असला तर ते डिझेलचे इंजिन. नऊ हा त्याच्या जातीचा क्रमांक. या एका इंजिनात सहा हजारांहून जास्त घोड्यांची ताकद असते.

डब्यांचेही तसेच आहे. रेल्वेतली आपली मराठी माणसे मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगनची आपल्या लोकांनी वाघीण करून टाकली. तर या वाघिणीच्या अंगावर तिची जात लिहिलेली असते. बी, सी, एन असे लिहिलेले असले तर ती झाकलेली वाघीण. सी म्हणजे झाकलेली. धान्य, खत, सिमेंट, कांदा असा पावसापासून जपायचा माल तिच्यात जातो. बी, टी, पी, एन असे असले तर ती टाकी. टी म्हणजे टाकी, पी म्हणजे पेट्रोल. दोन्हींतला बी सांगतो की, वाघिणीखाली चार-चार चाकांचे दोन गाडे आहेत. शेवटचा एन सांगतो की, ब्रेक हवेच्या दाबाचे आहेत.

हे आपल्या उपयोगाचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्या भागात या गाड्या काय काय नेतात ते पाहा. मनमाडला अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. तेथे उत्तरेकडचा गहू गाड्या भरून येतो. रेशनच्या दुकानात तोच येतो. जवळच पानेवाडीला तेलाचे डेपो आहेत. तुमच्या पंपाचे डिझेल कदाचित तेथलेच असेल. आणि कांदा! लासलगावचा, येवल्याचा, मनमाडचा कांदा रेल्वेने बिहार-बंगालपर्यंत जातो. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली. २०२१ च्या जानेवारीत नगरसूलहून कांद्याची किसान रेल आसामकडे गेली. झाकलेल्या वाघिणींच्या एका गाडीत साधारण ४२ वाघिणी असतात. एकीत सुमारे ६० टन माल बसतो. आता तुम्हीच गुणाकार करा. अडीच हजार टन झाले. दहा टनांचा एक ट्रक धरला, तर एवढ्या मालाला अडीचशे ट्रक लागतील.

असो. आता त्या दुपारचे खरे सांगायचे ते सांगतो.

दुसरी गाडी आली. झाकलेल्या वाघिणींची होती, भरलेली. मी बांधावरून वाघिणी मोजू लागलो. शिक्षकाची खोड, दुसरे काय? एक, दोन, तीन. मोजताना माझे लक्ष नातवाकडे नव्हते. तो डोळ्याला कॅमेरा लावून बांधावरून उतरला होता. रेल्वेच्या हद्दीचे दगड ओलांडून तो पुढे गेला होता. अक्षरे जवळून आणि स्पष्ट यावीत, एवढेच त्याच्या मनात होते. तेथे एकच रूळ नाही. या बाजूला दुसरा रूळ आहे. गाडी जात होती पलीकडच्या रुळावरून. नातू उभा होता अलीकडच्या रुळाला लागून. त्याची पाठ मनमाडच्या उलट दिशेला होती.

मी सदतीसपर्यंत आलो होतो. तेवढ्यात कोणी तरी जोरात शिट्टी फुंकली. पाठोपाठ ओरडणे ऐकू आले, "ओ बाबा! पोराला मागं घ्या! मागं घ्या पोराला!"

एक चावीवाला रुळाच्या कडेने धावत येत होता. खांद्यावर हातोडा, अंगात नारिंगी बंडी. मी वळून पाहिले. अलीकडच्या रुळावरून, नातवाच्या पाठीमागून, दुसरी गाडी येत होती. टाक्यांची गाडी. तिचा भोंगा मला ऐकूच आला नव्हता. समोरच्या गाडीच्या आवाजात तो बुडाला होता. मी हाक मारली, पण माझा आवाज केवढा? नातवाने शिट्टी ऐकली. तो मागे न पाहता बांधाकडे पळाला. तो बांधावर चढला आणि टाक्या खडखडत गेल्या. पन्नासच्या आसपास टाक्या असतील. मी त्या मोजल्या नाहीत.

पोराचे तोंड पांढरे पडले होते. माझे पाय लटपटत होते. चावीवाला आमच्यापाशी आला. तो नातवाला काही बोलला नाही. मलाच बोलला. "बाबा, तुम्ही मोठं माणूस. तुम्ही तरी बघायचं." त्याचे बरोबर होते. चूक पोराची होती, तशी माझीही होती.

मग तो तेथेच बसला. आम्ही त्याला पाणी दिले. तो म्हणाला, विजेची गाडी आल्याचे समजत नाही. वारा उलटा असला की मुळीच समजत नाही. भरल्या गाडीला ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, पुष्कळ पुढे जाऊन थांबते. ड्रायव्हरला माणूस दिसला तरी त्याच्या हातात भोंगा आणि ब्रेक यांखेरीज काही नसते. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टची वीज असते. उभ्या वाघिणीवर चढून फोटो काढायला जातात आणि तारेला न शिवताही पोरे जळतात. विनाकारण रुळावर जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे गुन्हाही आहे. पण कायद्याची गोष्ट नंतरची. गाडी कलम वाचत नाही.

ती टाक्यांची रिकामी गाडी गेली तेव्हापासून माझ्या मनात एक आठवण घोळत होती. ती मी नातवाला सांगितली. तुम्हालाही सांगतो. २०२० सालच्या मे महिन्यात करोनाची टाळेबंदी होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर पायी घरी निघाले. भुसावळला गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. ते रुळांच्या वाटेने चालत होते. प्रवासी गाड्या बंद होत्या. म्हणून सगळ्याच गाड्या बंद असतील, असे त्यांना वाटले. करमाडजवळ दमून ते रुळावरच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. सोळा माणसे गेली. ती गाडी रिकाम्या टाक्यांची होती आणि याच मार्गाने पानेवाडीला यायची होती. प्रवासी गाड्या थांबल्या होत्या, मालगाडी थांबली नव्हती. ती थांबली असती तर आपल्याला टाळेबंदीत धान्य कोठून मिळाले असते? आणि तीच गाडी त्या सोळा जणांवरून गेली. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला त्याचे उत्तर सापडले नाही.

आम्ही बराच वेळ लिंबाखाली बसलो. नातवाने कॅमेऱ्यातले फोटो मला दाखवले. सगळ्यांत चांगला फोटो कोणता निघाला असेल? तो चुकीच्या जागी उभा राहून काढलेलाच. वाघिणीची बाजू अगदी स्वच्छ आली होती. तो म्हणाला, "आजोबा, हा पुसून टाकतो." मी म्हणालो, "पुसायचा तर पूस. पण आधी वाचू दे."

वाघिणीवर अकरा आकडे होते. मी वाचले: ३१०३१४०५२७९.

नातवाने कागद घेतला. बोटे मोडत आकडेमोड केली आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही चुकीचे वाचलेत."

मी चिडलोच. चाळीस वर्षे फळ्यावर आकडे लिहिलेला माणूस मी! पण त्याने फोटो मोठा करून दाखवला. चौथा आकडा तीन नव्हता, आठ होता. वरचा रंग उडाला होता म्हणून मला तीन वाटला. खरा नंबर ३१०८१४०५२७९. मी विचारले, "तुला न पाहता कसे समजले?"

त्याने जे सांगितले ते मला फार आवडले. पाटी घ्या, आपण सगळे मिळून करू. पहिले दोन आकडे वाघिणीची जात सांगतात. पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची ते सांगतात. पुढचे दोन ती कोणत्या साली झाली ते सांगतात. येथे १४ आहे, म्हणजे २०१४. पुढचे चार तिचा स्वतःचा नंबर. शेवटचा अकरावा आकडा हा राखणदार. पहिल्या दहा आकड्यांत चूक झाली तर ती पकडण्यासाठी तो ठेवला आहे.

तो असा काढतात. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा, हे आकडे मिळवा. एक, आठ, चार, पाच, सात. पंचवीस झाले. त्याची तिप्पट पंचाहत्तर. आता उरलेले मिळवा. तीन, शून्य, एक, शून्य, दोन. सहा झाले. पंचाहत्तर आणि सहा, एक्याऐंशी. पुढचा दहाचा पाढा नव्वदला येतो. एक्याऐंशीला नव्वद व्हायला किती हवेत? नऊ. शेवटचा आकडा नऊच आहे. नंबर बरोबर! आता आठाच्या जागी माझे तीन घालून पाहा. शेवटी चार येतात, नऊ येत नाहीत. राखणदार ओरडतो.

मी तो कागद हातात घेऊन गप्प बसलो. मला माझे वडील आठवले.

माझे वडील मनमाडच्या मालधक्क्यावर हमाल होते. तेव्हा मनमाडला दोन मापांचे रूळ होते. मुंबईची लाइन मोठी, साडेपाच फुटांची. निजामाच्या काळात हैदराबादकडून आलेली लाइन छोटी, एक मीटरची. छोट्या लाइनीची वाघीण मोठ्या लाइनीवर चालणार कशी? म्हणून मराठवाड्याकडून आलेला सगळा माल मनमाडला उतरायचा आणि समोरच्या वाघिणीत भरायचा. हे काम माणसाच्या पाठीवर चाले. एकेक पोते शंभर किलोचे. १९९० नंतर ही लाइन रुंद झाली, तेव्हा हे काम संपले. तोपर्यंत माझ्या वडिलांची पाठही संपली होती.

१९६७-६८ साल असेल. मी चौथीत होतो. दुपारी वडिलांची भाकरी घेऊन धक्क्यावर जायचो. एक दिवस शाळेला सुटी होती. मी सावलीत बसून वडिलांच्या टोळीची पोती मोजत बसलो. नुकतेच शंभराच्या पुढचे आकडे शिकलो होतो, त्याचा उत्साह. एकशे शहाऐंशी पोती झाली. संध्याकाळी मुकादमाने चिठ्ठी लिहिली आणि वडिलांनी अंगठा लावला. चिठ्ठी मी वाचली. तिच्यावर होते १६८.

आठ आणि सहा यांची अदलाबदल झाली होती. अठरा पोती गेली. चूक होती की लबाडी, ते मला आजही ठाऊक नाही. मी मोठ्याने म्हणालो, "दादा, हे एकशे अडुसष्ट आहेत. तुमची एकशे शहाऐंशी झाली." धक्क्यावर सगळे गप्प झाले. वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तेथून बाहेर नेले. वाटेत एवढेच म्हणाले, "तू वाचलंस ते बरोबर असंल. पण उद्या काम लागाया पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांना काम मिळाले नाही. चार दिवस मिळाले नाही. आईने उसने पीठ आणले. मला वाटले, माझ्या वाचण्याने हे झाले. पाचव्या दिवशी बोलावणे आले. त्या दिवसापासून वडील खिशात खडू ठेवू लागले. पाच पोती झाली की वाघिणीच्या दारावर एक रेघ. शेवटी रेघा मोजायच्या. मुकादमाने चिठ्ठी मोठ्याने वाचल्याशिवाय अंगठा लावायचा नाही. हळूहळू टोळीतले बाकीचेही तसे करू लागले. अक्षरे त्यांना पुढेही आली नाहीत. आकडे मात्र शंभरापर्यंत मीच शिकवले.

माझ्या वडिलांचा एकही फोटो नाही. नातवाने विचारले, "ते कसे दिसत?" मला नीट सांगता आले नाही. पाठ आठवते. चेहरा पोत्याखाली असायचा.

तो चुकीच्या जागेवरचा फोटो नातवाने पुसला. नंबरचा कागद माझ्यापाशी आहे. वर्गात लावण्यासाठी आज आणला आहे.

चावीवाला उठून निघाला, तेव्हा नातू त्याला म्हणाला, "काका, तुमचा एक फोटो काढू का?" तो लाजला. मग म्हणाला, "काढ. पण इथं बांधावरच. आणि गाडी यायची वेळ झालीय, मागं गाडी येऊ दे." त्याने बंडी नीट केली, हातोडा खांद्यावर घेतला. गाडी आली. नातू म्हणाला, "काका, माझ्याकडे पाहा." पण तो पाहीना. तो वळून गाडीकडेच पाहू लागला. पहिल्या वाघिणीपासून शेवटच्या वाघिणीपर्यंत त्याची नजर चाकांवर होती. काही लोंबते आहे का, कोठे धूर निघतो आहे का, ते तो पाहत होता. शेवटच्या डब्याला एक पाटी असते. तिच्यावर एल आणि व्ही अशी दोन अक्षरे असतात. ती पाटी दिसली की गाडी पुरी आली, मधून तुटून मागे राहिली नाही, असे समजायचे. ती पाटी गेली आणि मग तो आमच्याकडे वळला. म्हणाला, "हां, आता काढ."

"काढला की," नातू म्हणाला.

तो फोटो आम्ही त्याला पाठवला. एक प्रत आमच्या घरी भिंतीवर आहे. हातोडा दिसतो, नारिंगी बंडी दिसते, मागे वाघिणी दिसतात. चावीवाल्याचे तोंड दिसत नाही.